पीडीएफ पानांची चित्रं: एका अंकसंग्रहाचा प्रकरण अभ्यास

## पार्श्वभूमी

एका प्रकाशन संस्थेकडे तिच्या नियतकालिकाचे अनेक वर्षांचे अंक पीडीएफच्या रूपात साठवलेले होते. वाचकाला ते संगणकावर आणि मोबाइलवर पानापानाने वाचता यावेत म्हणून प्रत्येक पानाचं चित्र तयार करायचं ठरलं. अपेक्षा दोन होत्या. पडद्यावर दुपटीने मोठं केलं तरी अक्षर फुटू नये, आणि ए४ कागदावर छापलं तर तळटिपाही वाचता याव्यात. संस्थेची ओळख सांगणारे तपशील इथे गाळले आहेत.

सगळ्या फाइलींचं एक्स्टेन्शन एकच, पण आत तीन जाती नांदत होत्या. सर्वांत जुने अंक म्हणजे छापील कागदाचे स्कॅन. मधल्या काळातले अंक डीटीपीतून थेट छापखान्यासाठी काढलेले होते: सीएमवायके (छपाईच्या चार शायांचे) रंग, कडेला ब्लीड (कापताना निघून जाणारा जादा भाग), कोपऱ्यांवर कटिंगच्या खुणा. अलीकडच्या अंकांत आरजीबी (पडद्यावरचे) रंग आणि फाइलीतच एम्बेड केलेले, म्हणजे सोबत भरलेले, फाँट. पुढे जे काही बिघडलं, त्यातलं बरंचसं या तीन जातींना एकाच मापाने मोजल्यामुळे बिघडलं.

पीडीएफचं पान म्हणजे रेखाटनाच्या सूचनांची यादी असते: हा फाँट घे, हे अक्षर इथे ठेव, ही रेघ ओढ, हा फोटो या चौकटीत बसव. मापं पॉइंटमध्ये असतात. एक पॉइंट म्हणजे इंचाचा ७२वा भाग. स्कॅन किंवा फोटो सोडले, तर फाइलीत पिक्सेल नसतातच. ते रेंडर करणारं, म्हणजे सूचनांवरून चित्र काढणारं, इंजिन घडवतं आणि किती घडवायचे ते आपण सांगतो. ए४ पान साधारण ५९५ × ८४२ पॉइंटांचं. ७२ डीपीआयला (इंचामागे ७२ ठिपके) पिक्सेलही तेवढेच, १५०ला १२४० × १७५४, ३००ला २४८० × ३५०८ आणि ६००ला ४९६० × ७०१६.

## अडचण

आधीची व्यवस्था साधी होती. इमेजमॅजिक या चित्रं रूपांतरित करणाऱ्या प्रोग्रॅमची एका ओळीची आज्ञा आणि फोल्डरमधल्या प्रत्येक फाइलीवर ती चालवणारा लूप. निघालेल्या जेपेगबद्दल पाच तक्रारी आल्या: अक्षरं धूसर, काही पानांची पार्श्वभूमी काळी, काही पानांवर मजकुराच्या जागी निरर्थक रोमन अक्षरं, जाहिरातींचे रंग डोळ्यांत खुपणारे, आणि दोनशे पानांचा विशेषांक लावला की यंत्र गुदमरतं.

पहिली प्रतिक्रिया अपेक्षेप्रमाणे ‘डीपीआय वाढवा’ हीच होती. आज्ञेत डेन्सिटी (डीपीआय ठरवणारा पर्याय) ६०० केली गेली. चित्राच्या गुणधर्मांत ६०० डीपीआय दिसू लागलं, पण धूसरपणा तसूभरही कमी झाला नाही. पिक्सेल मोजले तेव्हा उलगडा झाला: ते अजूनही ५९५ × ८४२च होते. इमेजमॅजिकमध्ये डेन्सिटीचा पर्याय इनपुट फाइलीच्या नावाआधी द्यावा लागतो. नंतर दिला, तर पीडीएफ मूळच्या ७२ डीपीआयलाच वाचली जाते आणि आधीच तयार झालेल्या बारक्या चित्रावर फक्त ६००चं लेबल चिकटतं. चित्राच्या फाइलीतला डीपीआयचा आकडा ही छपाईसाठीची सूचना असते. गुणवत्ता तपासायची तर पिक्सेलची रुंदी-उंची बघायची.

क्रम सुधारल्यावर नवी आपत्ती आली. इमेजमॅजिक सगळी पानं मेमरीत वाचून घेतं आणि मग लिहायला लागतं. नेहमीच्या १६-बिट बांधणीत चार चॅनेल (तीन रंग आणि पारदर्शकता) धरले तर एका पिक्सेलला किमान ८ बाइट लागतात. ६०० डीपीआयच्या एका ए४ पानाला सुमारे २८० एमबी, दोनशे पानांना ५५ जीबीच्या वर. ३०० डीपीआयवर आणलं तरी पानाला ७० आणि अंकाला १४ जीबी होतात. मेमरी संपली की डिस्कवर लिहिणं सुरू होतं आणि काम मिनिटांवरून तासांवर जातं.

काळ्या पार्श्वभूमीचं कारण वेगळंच निघालं. इमेजमॅजिक स्वतः पीडीएफ वाचत नाही. ते काम पडद्यामागे घोस्टस्क्रिप्ट या रेंडरिंग इंजिनाकडे जातं आणि तिथून पारदर्शक चित्र येतं. पीडीएफच्या पानाला स्वतःचा पांढरा कागद नसतो, जिथे काही रेखाटलेलं नाही तिथे ते पारदर्शकच असतं. जेपेगमध्ये पारदर्शकता ठेवायला जागा नाही, म्हणून खालचा काळा रंग वर येतो. यावर कुणीतरी ‘फ्लॅटन’चा पर्याय लावला. काळेपणा गेला, पण एका अंकाची सगळी पानं एकमेकांवर थापली जाऊन एकच चित्र हाती आलं. अनेक पानांच्या फाइलीत हा पर्याय पानांनाच थर समजतो. हवं असतं ते इतकंच की पार्श्वभूमी पांढरी नेमायची आणि प्रत्येक पानाचा अल्फा (पारदर्शकतेचा) चॅनेल काढून टाकायचा.

इथपर्यंत दुरुस्ती झाल्यावर नव्या अंकांची पानं सुधारली. स्कॅन, रंग आणि निरर्थक अक्षरं जिथल्या तिथेच राहिली.

## निर्णयाचा पहिला टप्पा: आज्ञा ठिगळायची की रचना बदलायची

तीन पर्याय चर्चेत होते.

पहिला, चित्रं करूच नयेत, पीडीएफ दाखवणारी पीडीएफ.जेएस ही लायब्ररी ब्राउझरमध्ये वापरून मूळ फाइलच दाखवावी. अक्षरं कितीही मोठी केली तरी तीक्ष्ण राहतात आणि मजकूर निवडताही येतो. पण मधल्या काळातल्या फाइलींत फाँटच नव्हते, त्यामुळे ती दुरुस्ती टळणार नव्हतीच. शिवाय स्कॅनच्या फाइली मोठ्या, आणि मोबाइल अॅपला चित्रंच हवी होती.

दुसरा, प्रत्येक पानाचं एसव्हीजी (पिक्सेलऐवजी रेषा-आकारांचं चित्र) करावं. नव्या अंकांसाठी हे शोभलं असतं. स्कॅनच्या पानाला मात्र एसव्हीजी म्हणजे त्याच जेपेगभोवती आणखी एक वेष्टण, आणि गुंतागुंतीच्या जाहिरातींचं एसव्हीजी मूळ पीडीएफपेक्षा जड होऊन बसतं.

तिसरा, मध्यस्थ काढून रेंडरिंग इंजिनाशी थेट बोलणारा पायथन कोड लिहावा, पान पाहून मार्ग ठरवावा आणि एका वेळी एकच पान मेमरीत ठेवावं. हाच निवडला गेला.

मग प्रश्न इंजिनाचा. पॉपलर हे एक्सपीडीएफमधून फुटून निघालेलं. त्याची कमांड-लाइन साधनं (पीडीएफटूपीपीएम, पीडीएफइन्फो, पीडीएफफाँट्स, पीडीएफइमेजेस) मोजदादीला फार सोयीची. मूपीडीएफ वेगवान आहे आणि पायमूपीडीएफमधून पायथनला सहज जोडता येतं. पीडीएफियम हे क्रोममधलं इंजिन. त्याचा परवाना सर्वांत सैल. मात्र त्यात फॉर्मची भरलेली खाणी वेगळ्या टप्प्यात रेखाटावी लागतात, नाहीतर ती कोरी दिसतात. घोस्टस्क्रिप्ट जुनं आणि संथ; तरी आयसीसी प्रोफाइल (शाई किंवा पडद्याच्या रंगांचं वर्णन) आणि ओव्हरप्रिंट (एका शाईवर दुसरी छापणं) यांच्या बाबतीत छपाईच्या फाइलींशी त्याची चांगली ओळख. घोस्टस्क्रिप्ट आणि मूपीडीएफ दोन्ही एजीपीएल या खुल्या पण कडक अटींच्या परवान्याखाली येतात. संस्थेच्या आतच चालणाऱ्या स्क्रिप्टला त्याचा अडथळा नव्हता; हीच गोष्ट बाहेर सेवा म्हणून द्यायची असती तर निवड बहुधा बदलली असती.

एकाच इंजिनावर सगळं टाकण्याचा मोह होता. शेवटी नेहमीच्या पानांना पॉपलर, छपाईच्या सीएमवायके पानांना घोस्टस्क्रिप्ट आणि पडताळणीसाठी मूपीडीएफ असं ठरलं. तीन साधनं सांभाळणं कटकटीचं खरं, पण दोन वेगळ्या इंजिनांनी काढलेली पानं ताडून पाहता येणं ही या प्रकरणातली सर्वांत उपयोगी सोय ठरली.

## मोजदाद

कोड लिहिण्याआधी प्रत्येक पानाची नोंद काढली गेली.

पीडीएफइन्फोकडून पानाच्या चौकटी आणि फिरवण्याचा कोन मिळतो. मीडियाबॉक्स म्हणजे पूर्ण कागद, ट्रिमबॉक्स म्हणजे कापल्यानंतरचं पान, क्रॉपबॉक्स म्हणजे पडद्यावर दाखवायचा भाग. पीडीएफटूपीपीएम वेगळं सांगितलं नाही तर मीडियाबॉक्स धरतं, मूपीडीएफ क्रॉपबॉक्स. त्यामुळे एकच पान एका इंजिनातून कटिंगच्या खुणांसकट येतं आणि दुसऱ्यातून स्वच्छ. मधल्या काळातल्या काही अंकांत क्रॉपबॉक्स मीडियाबॉक्सइतकाच ठेवलेला होता, म्हणून तिथे ट्रिमबॉक्स वाचून त्याप्रमाणे कापावं लागलं.

पीडीएफफाँट्सच्या यादीत ‘ईएमबी’ नावाचा रकाना असतो. तिथे ‘नो’ असेल तर फाँट फाइलीत नाही आणि इंजिन जवळपासचा दुसरा वापरणार. निरर्थक रोमन अक्षरांचं मूळ इथेच सापडलं. युनिकोड (सर्व लिपींसाठीचं समान संकेतन) येण्यापूर्वीच्या देवनागरी फाँटांत रोमन अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे आकार बसवलेले असत. तो फाँट मिळाला नाही आणि बदली म्हणून साधा रोमन फाँट आला, की ‘महाराष्ट्र’च्या जागी कॅपिटल-स्मॉल अक्षरांची खिचडी उमटते. इंजिनाच्या दृष्टीने यात चूक काहीच नसते. सांगितलेल्या क्रमांकाचं अक्षर त्याने छापलेलं असतं.

पीडीएफइमेजेसच्या यादीतून पानावरच्या प्रत्येक चित्राचे पिक्सेल, रंगपद्धत, कॉम्प्रेशन आणि पानावर बसल्यावरचं खरं पीपीआय (इंचामागे पिक्सेल) कळतं. पान स्कॅनचं आहे की नाही हे यावरून ठरवता आलं: एकच चित्र जवळजवळ पूर्ण पान व्यापतं आणि दिसणारा फाँट एकही नाही. ओसीआर (चित्रातली अक्षरं ओळखणं) केलेल्या स्कॅनमध्ये अदृश्य मजकूर असतो, त्यामुळे ‘मजकूर निघतो म्हणजे स्कॅन नाही’ हा सोपा नियम फसतो.

या नोंदींतून चार मार्ग निघाले: स्कॅन, थरांचा स्कॅन, छपाईचं पान आणि साधं पान. मार्ग पानागणिक ठरला, फाइलीगणिक नाही. कारण नव्या अंकातही एखादं स्कॅन केलेलं पत्र किंवा सीएमवायके जाहिरात घुसलेली असते.

## केलेली कामं

स्कॅनची पानं. इथे रेंडर न करणं हा उत्तम मार्ग. २०० पीपीआयचा स्कॅन १६५४ × २३३९ पिक्सेलचा असतो. तो ३०० डीपीआयला रेंडर केला तर दीडपट ताणला जातो. नवा तपशील काही येत नाही, आणि साध्या पद्धतीने ताणला तर एका उभ्या रेघेची जाडी एके ठिकाणी एक पिक्सेल आणि शेजारी दोन अशी होते. म्हणून पीडीएफइमेजेसला ‘ऑल’ पर्याय देऊन मूळ जेपेग जसाच्या तसा बाहेर काढला. पुन्हा कॉम्प्रेशन नाही, गुणवत्तेची गळती नाही.

यातही काटे आहेत. बाहेर काढलेल्या चित्राला पानावरचा फिरवण्याचा कोन लागू झालेला नसतो, तो नंतर लावावा लागतो. काही स्कॅनर एक पान आडव्या पट्ट्यांत साठवतात, मग पानाची आठ-दहा चित्रं हाती येतात. जेबिग२ या काळ्या-पांढऱ्या स्कॅनच्या कॉम्प्रेशनमधली चित्रं मूळ रूपात काढली तर बहुतेक प्रोग्रॅम ती उघडत नाहीत, तिथे पीएनजीचा पर्याय द्यावा. पट्ट्यांची पानं जोडत बसण्यापेक्षा ती त्यांच्या मूळ पीपीआयलाच, अचूक तेवढ्याच पिक्सेलमध्ये रेंडर केली.

थरांचे स्कॅन. काही स्कॅनिंग सॉफ्टवेअर पानाचे थर करतं: मागे कमी रिझोल्यूशनचा रंगीत कागद, पुढे जास्त रिझोल्यूशनचा एक-बिट (फक्त काळा-पांढरा) मुखवटा, आणि अक्षरं त्या मुखवट्यात. अशा पानातून ‘सर्वांत मोठं चित्र’ काढलं तर हाती फक्त डागाळलेला कागद येतो. ही पानं यादीत ‘मास्क’ किंवा ‘स्टेन्सिल’ या प्रकारांवरून ओळखून मुखवट्याच्या पीपीआयला रेंडर केली.

साधी पानं. इथे डीपीआय ठरवताना पानावरचं सर्वांत लहान अक्षर पाहिलं. ६ पॉइंटांच्या अक्षराला १५० डीपीआयवर उंचीत साडेबारा पिक्सेल मिळतात. एवढ्यात रफार, अनुस्वार, शिरोरेषा, जोडाक्षर आणि खाली उकार बसवायचा. ‘र्ष्णू’सारखं अक्षर तिथे ठिपका होतं. ३००ला २५ पिक्सेल मिळतात आणि वाचता येतं. नकाशे आणि दाट तक्ते असलेल्या पानांना ४५० दिलं. त्याहून पुढे गेल्याने पडद्यावर काही वाढत नव्हतं, फक्त डिस्क भरत होती.

डीफॉल्टवर विसंबायचं नाही हे कोडमध्येच पक्कं केलं. पीडीएफटूपीपीएमचं डीफॉल्ट १५०, पीडीएफटूइमेज या पायथन वेष्टणाचं २००, पायमूपीडीएफचं ७२. साधन बदललं की डीपीआय गुपचूप बदलतो. पीडीएफटूइमेजचं नेहमीचं फंक्शन सगळी पानं यादीत भरून परत देतं. ३०० डीपीआयला पानामागे २६ एमबी, म्हणजे दोनशे पानांना पाच जीबीहून जास्त. पहिलं पान आणि शेवटचं पान या दोन पॅरामीटरांत एकच क्रमांक देऊन लूप चालवला की हा भार एका पानापुरता राहतो.

छपाईची पानं. खुपणारे रंग इथले. प्रोफाइल न वापरता सीएमवायकेचं आरजीबी केलं तर निव्वळ वजाबाकी होते: शंभर टक्के सायन म्हणजे लाल शून्य, हिरवा आणि निळा पूर्ण. कागदावरची शाई इतकी झळाळत नाही. घोस्टस्क्रिप्टला सीएमवायकेचं आयसीसी प्रोफाइल नेमून दिल्यावर रंग छापील अंकाच्या जवळ आले. फाइलीत आउटपुट इंटेंट (कोणत्या छपाईसाठी फाइल आहे ती नोंद) म्हणून प्रोफाइल असेल तर तेच वापरलं. नसेल तर छापील प्रत शेजारी ठेवून एक ठरवलं आणि त्या वर्षाच्या सगळ्या अंकांना तेच लावलं.

ओव्हरप्रिंटवर थोडी खडाजंगी झाली. एका जाहिरातीत पांढरी अक्षरं चुकून ओव्हरप्रिंट लावलेली होती. छपाईत अशी अक्षरं नाहीशी होतात आणि ओव्हरप्रिंटचं अनुकरण चालू केलं की चित्रातूनही होतात. बंद ठेवलं तर ती दिसतात, पण दुसरीकडे एकावर एक छापायच्या रंगांच्या जागी भलतेच रंग येतात. अंक जसा छापला गेला तसा दाखवायचा, या तत्त्वावर अनुकरण चालूच ठेवलं.

याच पानांत आणखी एक दोष होता: छटांवर आणि फोटोंवर पांढऱ्या केसासारख्या रेघा. पारदर्शकता सपाट करताना जुनं सॉफ्टवेअर एक आकृती अनेक तुकड्यांत कापतं. दोन तुकड्यांची सीमा पिक्सेलच्या मध्यातून गेली की पहिला तुकडा तो पिक्सेल निम्मा झाकतो, दुसरा उरलेल्याचा निम्मा. एकूण ७५ टक्के झाकलं जातं आणि २५ टक्के पांढरं डोकावतं. अँटीअलायसिंग (कडांचे पिक्सेल मऊ करणं) वाढवून हे जात नाही, तेच त्याचं कारण आहे. उपाय असा की अँटीअलायसिंग बंद ठेवून तिप्पट रिझोल्यूशनला रेंडर करायचं आणि मग सरासरी काढून लहान करायचं. घोस्टस्क्रिप्टमध्ये रिझोल्यूशन ९०० आणि डाउनस्केल फॅक्टर ३ दिला की हे एकाच फेरीत होतं. पान पट्ट्यापट्ट्यांनी रेंडर होत असल्याने मेमरीही आवाक्यात राहते.

फाँट नसलेली पानं. संस्थेच्या जुन्या संगणकांवर ते फाँट सापडले. ते रेंडर करणाऱ्या यंत्रावर बसवले आणि जिथे पीडीएफमधलं नाव आणि फाँटचं नाव जुळत नव्हतं तिथे फाँट शोधून देणाऱ्या फाँटकॉन्फिगमध्ये टोपणनावं नोंदवली. सर्व्हरच्या उघड्याबोडक्या कंटेनरमध्ये (प्रोग्रॅम चालवायच्या बंदिस्त वातावरणात) एकही फाँट नसतो हेही लक्षात ठेवावं लागलं. तिथे हेल्व्हेटिकासारखा नेहमीचा फाँटदेखील गायब होतो. अशा वेळी पॉपलर एरर आउटपुटमध्ये फाँट मिळाला नाही असं लिहितं, पण काम ‘यशस्वी’ म्हणून संपवतं. म्हणून एक्झिट कोडवर (प्रोग्रॅमने शेवटी दिलेल्या यशापयशाच्या आकड्यावर) न थांबता एरर आउटपुटची प्रत्येक ओळ पानाच्या नोंदीत साठवली.

साठवण. मूळ प्रत पीएनजीत. त्याचं कॉम्प्रेशन कमी-जास्त केल्याने फक्त वेळ आणि आकार बदलतो, पिक्सेल तेच राहतात. वाचकासाठीची प्रत फोटोंच्या पानांना जेपेग, गुणवत्ता ९०, आणि पिलो या पायथनच्या चित्र-लायब्ररीत सबसॅम्पलिंग (रंगाची माहिती कमी करणं) शून्य. नेहमीच्या ४:२:० पद्धतीत रंगाची माहिती दोन्ही दिशांना अर्धी होते. फोटोत ते कळत नाही, पण पांढऱ्यावरच्या लाल मथळ्याला झालर येते. वेबपी आकाराने लहान पडतं म्हणून आधी तेच पसंत होतं. मात्र त्याची लॉसी (माहिती गाळणारी) पद्धत नेहमी ४:२:०च वापरते आणि एका बाजूची मर्यादा १६३८३ पिक्सेल. रंगीत मजकुराच्या पानांना ते लॉसलेसमध्येच दिलं.

घडीच्या नकाशांनी वेगळा त्रास दिला. ए० आकार ३०० डीपीआयला ९९३३ × १४०४३, म्हणजे जवळजवळ १४ कोटी पिक्सेल. पिलो सुमारे ८.९५ कोटींच्या वर धोक्याचा इशारा देतं आणि त्याच्या दुपटीला फाइल उघडायचंच नाकारतं. ती मर्यादा सरसकट काढून टाकणं सोपं होतं, पण बाहेरून आलेल्या एखाद्या बिघडलेल्या फाइलीपासून तीच रक्षण करते. नकाशे पीडीएफटूपीपीएमच्या एक्स, वाय, रुंदी आणि उंची या पर्यायांनी चौकोनी तुकड्यांत काढले.

वेग. पानं एकमेकांपासून स्वतंत्र असल्याने काम वाटून देता येतं. थ्रेड (एकाच प्रोसेसमधल्या समांतर वाटा) मात्र वापरले नाहीत. मूपीडीएफ आणि पीडीएफियम एकाच प्रोसेसमध्ये अनेक थ्रेडांतून हाताळले तर कोसळू शकतात. प्रत्येक कामगार वेगळी प्रोसेस, प्रत्येक पानाला वेळेची मर्यादा, आणि मर्यादा ओलांडली तर पान ‘अडलेलं’ म्हणून बाजूला.

## तपासणी

काही हजार पानं डोळ्यांनी पाहणं शक्य नव्हतं. प्रत्येक पान दुसऱ्या इंजिनाने ५० डीपीआयला करड्या रंगात रेंडर केलं, अंतिम चित्र तेवढंच लहान केलं आणि दोघांतला सरासरी फरक काढला. पहिल्या फेरीत जवळजवळ सगळी पानं संशयित ठरली. ५९५.२८ पॉइंट रुंदीचे पिक्सेल करताना कुणी अपूर्णांक वर नेतं, कुणी सोडून देतं, आणि एका पिक्सेलच्या फरकाने चित्रं एकमेकांवर बसत नव्हती. दोन्ही एकाच मापाला आणून किंचित धूसर केल्यावर तुलना अर्थपूर्ण झाली.

फरकाच्या उतरत्या क्रमाने यादी लावून वरची पानं माणसाने पाहिली. गायब थर, उलटे रंग आणि न दिसणारे शिक्के या यादीच्या माथ्यावर आपोआप आले. दोन्ही इंजिनं सारखंच चुकतात तिथे मात्र ही युक्ती आंधळी असते; बदली फाँट हे त्याचं ठळक उदाहरण. ती पानं मोजदादीतल्या ‘नो’ रकान्यावरूनच पकडावी लागली. कोऱ्या पानांसाठी वेगळी चाचणी ठेवली: पिक्सेलमध्ये चढउतार नाही, पण पीडीएफमधून मजकूर निघतो, तर पान संशयित.

## निष्पत्ती

पाचही तक्रारी मिटल्या. विशेषांक आता एका पानाच्या मेमरीत मावतो आणि साधारण क्षमतेच्या यंत्रावर अडखळत नाही. स्कॅनच्या पानांचा एकूण आकार आधीपेक्षा कमी झाला, कारण ती ताणली जाणं थांबलं. रंग छापील अंकाच्या जवळ आहेत, हुबेहूब नाहीत. शाई, कागद आणि पडदा यांत तेवढं अंतर राहतंच.

गमावलं ते मजकूर निवडण्याचं आणि शोधण्याचं सुख. चित्रात शोध चालत नाही, हे काम बरंच पुढे गेल्यावर वाचकांनी लक्षात आणून दिलं. पीडीएफटूटेक्स्टमधून प्रत्येक शब्दाची चौकट काढता येते. तिचे आकडे पॉइंटमध्ये असल्याने डीपीआय भागिले ७२ ने गुणून पिक्सेलमध्ये आणायचे, आणि पान कापलेलं असेल तर कापलेल्या कडेचं अंतर आधी वजा करायचं. ही वजाबाकी राहिली म्हणून सुरुवातीला शोधाची पिवळी पट्टी शब्दाच्या बाजूला पडत होती. जुन्या फाँटांच्या पानांतून निघणारा मजकूर युनिकोड नसल्याने तिथे फाँटनिहाय रूपांतरकही लावावा लागला.

## वेगळं काय करता आलं असतं

मोजदाद आधी व्हायला हवी होती. डीपीआय वाढवून पाहण्यात, काळी पार्श्वभूमी झाकण्यात आणि मेमरी वाढवून मागण्यात गेलेला वेळ हा पानांत काय आहे ते न पाहता उपाय शोधल्याचा खर्च होता. पीडीएफइन्फो, पीडीएफफाँट्स आणि पीडीएफइमेजेस या तिघांची यादी पहिल्याच दिवशी काढता आली असती.

शोधासाठी लागणाऱ्या शब्दांच्या चौकटी रेंडर करतानाच, त्याच पानाच्या नोंदीत साठवायला हव्या होत्या. कापलेली कड, कोन आणि डीपीआय तेव्हा हाताशी असतात; नंतर ते पुन्हा जुळवावे लागले.

मधल्या काळातल्या अंकांसाठी मांडणीच्या मूळ फाइली आधी मागायला हव्या होत्या. त्यातल्या काही नंतर सापडल्या, आणि त्यांतून फाँट एम्बेड करून नव्याने काढलेली पीडीएफ कोणत्याही दुरुस्तीपेक्षा सरस निघाली.

इंजिनांच्या आवृत्त्या सुरुवातीपासून गोठवायला हव्या होत्या. काम चालू असताना पॉपलर अद्ययावत झालं, बारीक रेघांची जाडी किंचित बदलली आणि एकाच अंकाची काही पानं जुन्या चेहऱ्याची, काही नव्या चेहऱ्याची झाली. आता प्रत्येक चित्रासोबत मूळ फाइलीचा हॅश (मजकुरावरून काढलेला ओळख-आकडा), इंजिन, आवृत्ती आणि सगळे पर्याय नोंदवले जातात. निवडक अवघड पानांचा एक संच बाजूला ठेवला आहे. इंजिन बदलायचं झालं तर आधी त्या संचावर फरक काढला जातो.

ज्यांचा फाँट कुठेच मिळाला नाही अशी थोडी पानं उरली. त्यांच्यासाठी छापील प्रती काढून ४०० डीपीआयला स्कॅन केल्या जात आहेत, आणि मोजदादीच्या नोंदीत ती पानं छपाईच्या मार्गावरून स्कॅनच्या मार्गावर हलवली आहेत.